बाहीतला सौदा

हिमालयात जाऊन आलेल्या माणसाकडे लोक बर्फाचे फोटो मागतात. माझ्याकडे एकच फोटो आहे. त्यात एका म्हातारीच्या कोटाच्या बाहीतून मी नुकताच हात बाहेर काढला आहे, ती हसते आहे आणि माझं तोंड पडलेलं आहे. माझ्या भाचीने, सायलीने तो काढला आणि रत्नागिरीपासून विरारपर्यंत सगळ्या नातेवाइकांना पाठवला. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, "काय हो, हिमालयात तुम्हाला कुणीतरी गंडवलं म्हणे?" म्हणून हे लिहायला बसलो आहे. गंडवलं की नाही ते वाचून ठरवा.

मी आंब्याचा व्यापारी. लांज्यापासून आत एका वाडीत जन्मलो, वाशीच्या बाजारात आधी पेट्या उचलल्या, मग पेट्या विकल्या, आणि आता रत्नागिरीत माझा स्वतःचा गाळा आहे. कुणी मला काही फुकट दिलं नाही, त्यामुळे मलाही ती सवय लागली नाही. आमच्या घरातून फुकट अशी एकच गोष्ट गेली, ती माझ्या आईकडून. बोलीभाषा गोळा करणारे एक गृहस्थ शहरातून वाडीवर आले होते. ते आमच्या ओटीवर बसले, फणसाची भाजी खाल्ली, आणि आईच्या गोष्टी, तिचे शब्द, तिचं बोलणं टेपवर भरून घेऊन गेले. "प्रत पाठवतो," म्हणाले. मी तेव्हा वाशीला होतो. पुढे मी घरी येईन तेव्हा आई विचारायची, "ती प्रत आली काय रे?" जशी काही ती वाशीला माझ्याकडे येणार होती. मग आई गेली. मी पत्रं लिहिली, फोन केले, त्यांच्या संस्थेच्या दारात जाऊन आवाज चढवून आलो. उत्तर एकच, संग्रहात आहे, शोधावं लागेल. म्हणजे माझ्या आईचा आवाज कुठल्या तरी कपाटात आहे, आणि कुठल्या, ते कपाटालाही माहीत नाही.

आणि नेमकी आमच्याच घरात भाषेची अभ्यासक निपजली. सायली माझ्या बहिणीची मुलगी. तिने अभ्यासाला काय घ्यावं, तर हिमाचलातल्या किन्नौरच्या बाजूला एका खोऱ्यापुरती बोलली जाणारी भाषा. तिथली माणसं तिला नाव देत नाहीत, 'आमचं बोलणं' म्हणतात. मी तिला एकदा म्हटलं होतं, "लांज्याचं बोलणं कमी पडलं काय गो तुला?" त्यावर ती पुण्याच्या मराठीत हसली.

या वेळी तिच्यासोबत जाणाऱ्या मैत्रिणीचा पाय मोडला आणि बहीण माझ्यामागे लागली. मी घरी सांगितलं, सफरचंदाचा बाजार बघून येतो. खरं म्हणजे दुसऱ्याचं बोलणं उचलून नेणारी ही माणसं काम कशी करतात, ते मला एकदा जवळून बघायचं होतं.

सतलजच्या काठाने

शिमल्यापर्यंतचं सगळ्यांनी पाहिलेलं असतं, ते सोडतो. त्यापुढे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असा रस्ता सुरू होतो. खाली सतलज. आमच्या नद्या पावसाळ्यात लाल होतात, ही ऑक्टोबरातही सिमेंट कालवल्यासारखी राखाडी. मी बुरोंडीहून भेट म्हणून उत्तम सुकट घेतली होती. तिचा वास बसमध्ये पसरला तसा कंडक्टरने ती पिशवी टपावर बांधली. पुढच्या थांब्यावर पाहिलं तर शेजारच्या सफरचंदाच्या खोक्यांचा मालक माझ्या नावाने ओरडत होता. मीही ओरडलो. त्याची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्याला, पण भांडण व्यवस्थित झालं.

बस थांबली तिथे चिलगोजे, म्हणजे तिकडच्या चीड जातीच्या झाडाच्या बिया, विकायला बसलेल्या बायका दिसल्या. काजू जन्मभर पाहिलेला माणूस चिलगोज्याकडे आदरानेच बघतो. एवढीशी बी, तिला काजूपेक्षा नाजूक कवच, आणि भाव असा की मी आधी हसलो. बाई हसली नाही. मी माझ्या पद्धतीने पाठ फिरवून चार पावलं गेलो. तिने हाक मारली नाही. मला परत यावं लागलं. सायलीने हे सगळं बसमधून पाहिलं आणि ती दुसऱ्या बाजूच्या खिडकीबाहेर बघायला लागली.

शेवटच्या टप्प्यात दरड कोसळून रस्ता बंद होता. तिथून गावापर्यंत न्यायला देवकी नावाची बाई आली होती. चाळिशीची, डोक्यावर हिरव्या पट्टीची गोल टोपी, आणि हिंदी झकास. ज्यांच्याकडे आम्ही उतरणार होतो त्या म्हातारीची ती सून. दरडीवरून जायला कड्याला चिकटून एक पायवाट काढली होती, तळहाताएवढी. आपल्याकडे बांधावरून चालायची सवय असते, म्हणून मी ताठ मानेने पुढे झालो आणि पहिल्याच वळणावर माझं पोट कड्याला लागलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना. देवकीने मागून शांतपणे सांगितलं की इथे तोंड कड्याकडे करायचं आणि आडवं चालायचं, सरळ चालणारे खाली गेले आहेत. मी आडवा झालो. माझ्यापुढे दोन बायका पाठीवर गवताचे भारे घेऊन तशाच आडव्या चालल्या होत्या, आणि त्यांच्या गप्पा एकदाही तुटल्या नाहीत. पलीकडे पोहोचेपर्यंत माझ्या शर्टाची बटणं कड्याने ठेवून घेतली होती.

आपीचं घर

गावाचं नाव सांगत नाही. का सांगत नाही, ते पुढे येईल. दगड आणि देवदाराच्या तुळया एकावर एक रचून बांधलेली घरं, वर पाटीच्या दगडाचं छप्पर, त्यावर वाळत घातलेले जर्दाळू. खाली गुरं, वर माणसं. आमच्याकडे भिंत जांभ्याची आणि जमीन शेणाची, इथे जमीनसुद्धा लाकडाची. पाऊल टाकलं की अख्खं घर पावलाची दखल घेतं.

म्हातारीला सगळं गाव आपी म्हणतं, म्हणजे आजी. ऐंशीच्या पुढची, बारीक, ताठ, अंगात लोकरीचा लांब कोट आणि त्याच्या बाह्या एवढ्या रुंद की एकीत कोंबडी मावेल. तिचा बाप मीठ आणि लोकरीचा व्यापारी होता. वरून मीठ यायचं, खालून जव जायचं. त्याला मुलगा नव्हता, म्हणून तो हिलाच बरोबर न्यायचा. त्या वाटेवर बोललं जायचं ते जुनं बोलणं आता गावात तिच्या एकटीच्या तोंडात उरलं आहे. देवकीला ते ऐकून ऐकून कळतं, बाकीच्यांना अर्धंमुर्धं, आणि मुलं हिंदीत भांडतात. आपीने सांगितलं नाही, तर सायलीच्या इतक्या वर्षांच्या कामाला मधोमध भोक राहणार होतं.

जेवायला ओगला नावाच्या तिकडच्या धान्याच्या पिठाच्या जाड पोळ्या होत्या, आणि लोणी-मीठ घातलेला चहा. पहिला घोट मी चहा समजून घेतला आणि पस्तावलो. दुसरा कढी समजून घेतला, मग पेला संपला. माझी सुकट आपीने एकदा हुंगली आणि देवकीकडे दिली. देवकीने ती गोठ्यात नेऊन ठेवली. गुरांनी काय केलं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सायलीने आपीसमोर यंत्र मांडलं. शाल दिली, मानधनाचं बोलली, भाषा टिकली पाहिजे वगैरे चांगलं बोलली. आपीने सगळं ऐकून घेतलं आणि यंत्रावर शालीची घडी ठेवली. मग देवकीमार्फत जे सांगितलं ते असं, की आधीही काही माणसं आली होती. त्यांनी तिच्या नवऱ्याला बोलतं केलं, सगळं भरून घेतलं, परत आणून ऐकवतो म्हणून गेली. नवरा दरवर्षी रस्ता उघडला की विचारायचा, आली का ती माणसं. मग तो मेला.

मी ताटावरून उठल्यासारखा उठलो. "बरोबर बोलतायत त्या," मी म्हटलं. "एक अक्षर देऊ नका."

सायलीचा चेहरा लाल झाला. "मामा, तू माझ्यासोबत आलायस."

"म्हणून तर सांगतोय. माल उचलून पोच न देणारी माणसं मी ओळखतो."

"मी त्यातली आहे का?"

"तो गृहस्थही आयेला हेच बोलला असेल, मी त्यातला नाय म्हणून."

ती बाहेर जाऊन जर्दाळूंजवळ उभी राहिली. देवकीने मला विचारलं काय झालं, आणि मी माझ्या मोडक्या हिंदीत आईची टेप, पोस्ट, कपाट, सगळं सांगितलं. देवकीने ते आपीला सांगितलं. आपीने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं, म्हणजे गिऱ्हाईक कच्चं की पक्कं हे बघतात तसं. मग म्हणाली, मुलीला आत बोलवा. आणि सौदा हा माणूस करेल.

अशा रीतीने मी दोन्ही बाजूंचा दलाल झालो.

बाहीत

पहिल्या दोन अटी लगेच ठरल्या. भरलेलं सगळं गाव सोडण्याआधी इथे ठेवून जायचं, पाठवतो म्हणायचं नाही. आणि गावाचं नाव कुठेही छापायचं नाही, कारण मागच्या वेळी ते छापून आलं आणि त्यानंतर नुसते फोटो काढणारे आले. सायलीने दोन्ही अटी मान डोलावून घेतल्या. तिसऱ्या अटीचा आकडा आपीने बोलून दाखवला नाही. रिकाम्या हाताने येऊन इथून काही न्यायचं नसतं, एवढंच म्हणाली. मीठ उचललं त्याने जव ठेवला. गोष्ट उचलेल त्याने गोष्ट ठेवावी. किती ठेवायच्या ते बाहीत ठरेल. आणि तिने उजवी बाही माझ्यापुढे केली.

आता हे वाशीला न गेलेल्यांना समजावून सांगायला हवं. आमच्या बाजारात आंब्याचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकतात, आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरतो. बाजूला उभ्या असलेल्याला, विशेषतः आंबा ज्याचा असतो त्या बागायतदाराला काही कळत नाही. बागायतदारांचे शिव्याशाप मी वर्षानुवर्षं त्या रुमालाखाली घेतले आहेत. त्यामुळे बाहीत हात घालताच मला माहेरी आल्यासारखं वाटलं. आत आपीची बोटं थंड आणि टणक होती. तिने माझं एक बोट धरलं, मग स्वतःचं एक बोट माझ्या मुठीत दिलं. गोष्टीला गोष्ट. मी तिची चार बोटं धरून माझं एक दिलं, तुमच्या चार, आमची एक. तिने माझा अंगठा असा पिरगळला की डोळ्यांत पाणी आलं. मी तीनवर आलो. ती एकावरच. सायली आणि देवकी आमच्या तोंडांकडे बघत होत्या, आणि आम्ही दोघंही तोंडावर काही दाखवत नव्हतो.

मग मी माझा हुकमी डाव काढला. वाशीत सौदा अडला की मी रागाने हात रुमालातून उपसतो, पाठ फिरवतो, आणि समोरचा मागे येतो. या डावावर माझा गाळा उभा आहे. मी तसाच झटक्याने हात बाहेर काढला.

आपी खुदकन हसली. देवकीने टाळी वाजवली आणि चहा ओतायला घेतला. शेजारची दोन माणसं कुठूनशी येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेली. त्यांच्याकडे पटेपर्यंत हात बाहीतच ठेवायचा असतो. हात बाहेर काढला म्हणजे समोरच्याचं शेवटचं बोट मान्य. सायलीने तेवढ्यात फोटो काढला.

"किती ठरलं, मामा?"

"एकास एक."

"बरंच झालं की. मी सांगते गोष्टी, मला पुष्कळ येतात."

पण आपीने मान हलवली. ज्याचा हात बाहीत होता, त्याने माप भरायचं.

माप

पुढचे दिवस असे गेले. आपी चुलीजवळ बसून एक गोष्ट सांगायची. ती देवकी हिंदीत आणायची, सायली यंत्र सांभाळत टिपून घ्यायची. मग आपी माझ्याकडे वळायची. मी माझ्या लांज्याच्या बोलण्यात सांगायचो, कारण तिला तेच हवं होतं, घरचं. सायली ते हिंदीत करायची आणि देवकी त्यांच्या बोलण्यात.

पहिल्यांदा मी, एका शेठला रायवळ आंबा हापूस म्हणून कसा विकला, ते सांगितलं. आपी म्हणाली, ही गोष्ट नाही, ही बढाई आहे, आणि परत दिली. दुसऱ्यांदा पेपरातला एक विनोद वाढवून सांगितला. तो तिने ठेवून घेतला, पण नासका दाणा बाजूला काढावा तसं तोंड करून. पुढे वाडीतलं भूत चाललं, शिमग्यात पालखी ज्याच्या दारात अडून बसली त्याची गोष्ट तर फारच चालली. त्यांचाही देव पालखीतून हलतो आणि असाच हट्ट करतो, त्यामुळे तिथे दुभाष्याची गरज पडली नाही. पण आपीची पोती संपेचनात आणि माझा तळ दिसायला लागला. निघायच्या आदल्या दिवशी तिने मिठाच्या वाटेवरची सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली, जिच्यासाठी सायली खरी आली होती. मग मी बाहेर काढली ती आईची.

देव प्राण्यांना चाली वाटायला बसला. हरणाने उडी घेतली, सापाने वळण घेतलं, बैलाने सावकाशी घेतली, दिलं ते घेऊन सगळे गेले. खेकडा आला तो भाव करायला लागला. ही चाल जड, ती हलकी, वर काय देशील? घासाघीस करता करता चाली संपल्या, तळाशी एक आडवी तेवढी उरली. खेकडा म्हणाला, माल वाकडा आहे, वर पाय दे. देवाने कंटाळून आठ पाय दिले. तरी हलेना, म्हणून वर दोन नांग्या दिल्या. आणि खेकडा घरी निघाला.

इथे आपीने थांबवलं. खेकडा म्हणजे काय? त्या घरात कुणी समुद्र पाहिला नव्हता. मी हात पालथा घालून बोटांवर उभा केला आणि जमिनीवरून आडवा चालवला. टक टक टक, जरा थांबून, टक. माझा हात ते आपणहून करत होता. आई असंच करायची. शेणाच्या जमिनीवर नख वाजत नाही, म्हणून ती पाट ओढून घ्यायची आणि त्यावर वाजवायची. टक टक टक, टक. इथे सगळी जमीनच पाटाची होती.

"मग?" आपीने विचारलं.

मग काय, ते मला ठाऊक नव्हतं. ही गोष्ट आई मलाच डिवचायला सांगायची, कारण मी वाण्याकडे फुकट मिळणाऱ्या गुळाच्या खड्यावरही भाव करायचो. इथपर्यंत आली की मी चिडून म्हणायचो, आठ पाय आणि दोन नांग्या, जिंकला तर खेकडाच. आणि पाय आपटत अंगणात जायचो. शेवट मी कधी ऐकलाच नाही. तो तिने त्या गृहस्थांना सांगितला असणार.

सायलीने हे हिंदीत करायला जरा वेळ घेतला.

"अर्धं माप इथे चालत नाही," आपी म्हणाली.

"पुढचं कपाटात आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "माझ्याकडे असतं तर दिलं असतं. त्यावर भाव नसता केला."

आपीने माझा हात परत जमिनीवर ठेवायला लावला आणि चालवून दाखव म्हणाली. मी चालवला. तिने तिचा वाळका हात शेजारी ठेवला आणि आडवा चालवायला शिकली, नखांसकट. मग आपल्या बोलण्यात काहीतरी सांगितलं. देवकी ऐकता ऐकता हसायला लागली.

खेकडा घरी निघाला, तेव्हा सगळे त्याच्या चालीला हसले. मग वाट कड्याशी आली, तळहाताएवढी वाट. हरणाला उडी मारता येईना, बैलाला वळता येईना. सगळे या बाजूला उभे राहिले. खेकड्याने तोंड कड्याकडे केलं आणि गप्पा मारत पलीकडे गेला.

"त्याला माहीत होतं तो काय विकत घेतोय," आपी म्हणाली, "देवालाच माहीत नव्हतं."

मी सायलीकडे पाहिलं. यंत्राचा लाल दिवा चालू होता. आईचा शेवट नक्की असा नसणार, तिच्या गोष्टीत खेकड्याची फजिती झाल्याशिवाय राहिली नसती. पण लहानपणापासून मी जे म्हणत होतो ते मान्य करणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि तेही इतक्या लांब. मी नाक शिंकरलं. थंडी होतीच.

आपी मात्र धंदा विसरली नव्हती. शेवट तिचा होता, म्हणून तिने माझी गोष्ट अर्धीच धरली. अर्धी अजून येणं आहे. मी हात पुढे केला नाही, ताबडतोब खिशात घातला.

निघताना सायलीने सगळं देवकीच्या फोनमध्ये आणि शाळेतल्या संगणकात भरून दिलं. मी शेजारी उभा राहून प्रत्येक फाइल उघडून ऐकायला लावली. ती चिडली, पण तिने ऐकवली. दरडीवरून परतताना मी कुणी न सांगता आडवा झालो.

रत्नागिरी

त्या संस्थेला मी पुन्हा लिहिलं आहे. उत्तर आलं, शोध चालू आहे. माझा राग आहे तसाच आहे आणि तो मी कुणाला स्वस्तात देणार नाही.

परवा गाळ्यावर बसलो होतो, तर सायलीने फोनवर एक आवाज पाठवला. देवकीने तिला पाठवलेला, तिने मला. देवकीची मुलगी शाळेत, त्यांच्या बोलण्यात, वर्गाला काहीतरी सांगत होती. मला एक शब्द कळेना. मुलं हसत होती. मग ती गप्प झाली, आणि बाकावर असेल, फळीवर असेल, कशावर तरी नखं वाजली. टक टक टक. जरा थांबून, टक.

समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी हाताने थांबवलं आणि ते पुन्हा लावलं. मग सायलीला फोन केला. दुसरं काही सुचेना, म्हणून म्हटलं, "ह्याची प्रत मला हवी हां."

"मामा," ती म्हणाली, "तुझ्याकडेच आहे की ती."

खरंच. प्रत आली होती.